वर्षावासाआधी घर शाकारू या

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत आपल्या वस्तीतील उपासक-उपासिका विहारात एकत्र बसतात, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, लहान मुले त्रिशरण-पंचशील पाठ करतात. ही परंपरा आता आपल्या अंगवळणी पडली आहे. परंतु वर्षावासाची एक बाजू आपण सहसा बोलून दाखवीत नाही. ती म्हणजे डोक्यावरच्या छपराची.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्यास सांगितले. त्या वेळी कोठे राहू नये, हेही विनयात नमूद झाले आहे. उघड्यावर राहू नये, झाडाच्या ढोलीत राहू नये, नुसत्या छत्रीखाली राहू नये, निवाऱ्याची सोय नसताना वर्षावास धरू नये. ज्यांनी घरादाराचा त्याग केला, त्यांनासुद्धा पावसाळ्यापुरते नीट छप्पर असलेच पाहिजे, असा हा नियम आहे. मग मुलाबाळांच्या संसाराला तो किती अधिक लागू पडतो, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही एक साधा विषय घेतला आहे. पावसाआधी घर कसे सावरावे आणि वस्ती कशी सावरावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्याकडचा पाऊस

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून अवघे अठ्ठावीस किलोमीटर. पण पावसाच्या बाबतीत ही दोन गावे दोन वेगळ्या प्रदेशांत असल्यासारखी आहेत. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाट चढून वर येतात, सुमारे तेराशे मीटर उंचीच्या ब्रह्मगिरीला आणि अंजनेरीला अडतात आणि येथेच रिकामे होतात. पुढे नाशिकला पोहोचेपर्यंत पाऊस निम्म्याहून कमी झालेला असतो. त्यामुळे शहरातील नातेवाइकांचे घर पावसात टिकले म्हणून आपलेही टिकेल, हा हिशेब चुकीचा आहे.

वादळ हे समुद्रकाठच्या लोकांचे संकट, असा आपला समज असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याचा वारा-पाऊस थेट नाशिक जिल्ह्यापर्यंत पोहोचला. तेव्हा मृग निघायला चार दिवस अवकाश होता आणि पुष्कळांची घरे शाकारायची राहिली होती. त्याखेरीज दरवर्षी मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो. तो तासाभराचा असतो, पण त्याच्या पुढे धावणारा वारा पत्रे उडवून नेतो. म्हणून तयारीची मुदत मृगापर्यंत न धरता बुद्ध पौर्णिमेपासूनच धरावी. जयंतीचा उत्साह ओसरला की लगेच छपरावर चढावे, हे उत्तम.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. बहुतेक गावांत आपली वस्ती गावाच्या कडेला असते. गावाचा उतार जेथे संपतो, ओढा जेथे वळतो, तेथे आपली घरे असतात. ही जागा आपल्या पूर्वजांनी निवडलेली नव्हती, ती त्यांच्या वाट्याला आली होती. साऱ्या गावाचे पाणी शेवटी ज्या अंगणातून जाते, ते अंगण बहुधा आपले असते. ज्याची जागा खालची, त्याची तयारी आधीची असली पाहिजे.

छप्पर

आपल्या भागात कौलारू, पत्र्याचे आणि गवती अशी तिन्ही प्रकारची छपरे आहेत.

कौलारू घराची शाकारणी कोरड्या दिवसांत करावी. फुटलेली कौले बदलावीत, सरकलेली परतून बसवावीत, कौलांखाली साचलेला पालापाचोळा काढावा. पाणी गळते ते पुष्कळदा फुटक्या कौलामुळे नव्हे, तर कचऱ्याने अडून उलटे आत वळल्यामुळे. वासे आणि रिपा हाताने दाबून पाहाव्यात. वाळवीने पोखरलेला वासा वरून शाबूत दिसतो, पण टाचणी सहज आत जाते. असा वासा भिजलेल्या कौलांचे ओझे पेलू शकत नाही.

पत्र्याच्या घराला गळतीपेक्षा वाऱ्याची भीती अधिक. वारा पत्र्याला ढकलून पाडतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो, आणि त्याच वेळी उघड्या दारातून किंवा पावळीखालून शिरलेला वारा त्याला खालून रेटतो. म्हणून पत्रा वर उडतो. यावर उपाय वजनाचा नसून बांधणीचा आहे. पत्रा वाशाला, वासा आढ्याला, आढे खांबाला आणि खांब जमिनीला अशी साखळी पक्की हवी. यातला एकच सांधा ढिला असेल तर छप्पर तेथूनच निसटते. पत्र्याच्या कडांना हूक जवळजवळ असावेत, कारण ओढ कडेला सर्वांत जास्त असते. हुकाखालचे रबरी किंवा डांबरी वॉशर झिजले असतील तर बदलावेत. वासा खांबाला बांधताना सुतळी वापरू नये, जाड तार वापरावी. सुतळी एका पावसात कुजते.

पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत आम्ही वस्त्यावस्त्यांत पाहतो. ती सोडून द्यावी. जो वारा पत्रा उचलतो तो दगडही खाली आणतो, आणि खाली मुले झोपलेली असतात. अगदीच दुसरा इलाज नसेल तर वाळूने अर्धवट भरलेली पोती दोरीने एकमेकांना जोडून दोन्ही बाजूंस सोडावीत. वादळ सुरू झाल्यावर वाऱ्याकडची दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात आणि पत्रा धरायला कोणीही वर चढू नये.

गवती छपरावरचा कुजलेला थर काढून नवा टाकावा. उतार जितका उभा, तितके पाणी लवकर ओघळते. जुन्यावरच नवा पेंढा रचीत गेल्यास ओझे वाढते आणि खालचा थर कुजतच राहतो.

भिंत आणि पाणी

पावसाळ्यात गळक्या छपराने माणूस भिजतो, पण जीव जातो तो बहुधा भिंतीखाली. मातीची भिंत वरून भिजते त्यापेक्षा पायथ्याशी अधिक भिजते. पागोळ्यांचे पाणी भिंतीलगत पडते, तेथेच मुरते आणि माती ते वर ओढून घेते. आठ दिवस सतत पाऊस लागला की पायथा मऊ होतो आणि वरचे सारे वजन त्या मऊ मातीवर येते. भिंत पडते ती म्हणूनच पुष्कळदा झडीच्या शेवटी, कधीकधी पाऊस उघडल्यानंतरसुद्धा.

यासाठी तीन कामे करावीत. पावळी भिंतीपासून निदान दीड हात पुढे आणावी. भिंतीच्या पायथ्याशी मुरूम-मातीचा उतार देऊन चोपून घ्यावा, म्हणजे पाणी घरापासून दूर जाईल. घराच्या वरच्या अंगाला चर खणून डोंगराकडून येणारे पाणी वळवावे. चर खणताना ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जाणार नाही, याची काळजी घ्यावी. आपले पाणी दुसऱ्याच्या घरात सोडणे ही तयारी नव्हे. म्हणून हे काम घरटी न करता साऱ्या वस्तीने एकत्र आखावे. पश्चिमेकडील भिंतीवर झड सर्वांत जास्त येते. तिला बाहेरून गवताची किंवा जाड मेणकापडाची झडप बांधावी.

मोऱ्या आणि नाले मेअखेर साफ करून घ्यावेत. त्र्यंबक गावात पूर्वी गोदावरीच्या पात्राचा काही भाग काँक्रीटखाली झाकला गेला. पावसाचे पाणी मात्र आपली वाट विसरत नाही. ब्रह्मगिरीवरून वेगाने उतरलेल्या पाण्याला जागा अपुरी पडली की ते रस्त्यांतून वाहते, हे त्र्यंबककरांनी अनेकदा पाहिले आहे. आपल्या वस्तीच्या मोरीचेही तेच आहे. तिच्यात अडकलेल्या एका पोत्याने दहा घरांत पाणी शिरते.

कागदपत्रे

घर पुन्हा उभे राहते, पण कागद पुन्हा उभा करायला फार वेळ लागतो. एका वस्तीत आम्ही असे पाहिले की पत्रे उडाले तेव्हा पेटी भिजली आणि बारावी झालेल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला व जातीचा दाखला यांचा लगदा झाला. आजोबांचा जुना शाळेचा उतारा त्याच पेटीत होता. प्रवेशाचे दिवस तोंडावर आले असताना वडिलांना रोजगार बुडवून दाखल्यांसाठी पंधरा दिवस हिंडावे लागले. प्रवेश मिळाला, पण थोडक्यात वाचला. बाबासाहेबांनी शिक्षणाचा जो मार्ग आपल्याला दाखवला, तो आज पुष्कळ घरांत एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेला असतो, हे विसरता कामा नये.

जातीचे दाखले, पूर्वजांचे शाळेचे उतारे, सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पुस्तक आणि घरकुलाचे कागद हे सर्व जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक घालून, तोंड घट्ट बांधून ठेवावे. पिशवी घरात उंच आणि दाराजवळ असावी. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून तो दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडेही पाठवावा. घराचेही चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. नुकसान झाल्यास तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा लागतो, त्या वेळी आधीची स्थिती दाखवता येते. पंचनाम्याआधी पडलेले घर उचलायला घाई करू नये. उचलणे भागच असेल तर आधी फोटो काढावेत.

वीज, पाणी, साप

आकाशातील वीज: आपल्याकडे भाताची आवणी चालू असताना माणसे चिखलात उभी असतात, तेव्हा हा धोका मोठा असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली थांबू नये. आसरा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे होऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप विजेची आगाऊ सूचना देते. वस्तीतील निदान दोन तरुणांनी ते घेऊन ठेवावे.

घरातील वीज: कपडे वाळत घालायची तार विजेच्या वायरीजवळ किंवा पत्र्याला बांधू नये. ओल्या भिंतीला झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद करून महावितरणच्या माणसाला बोलवावे. शॉक लागलेल्या माणसाला हाताने ओढू नये. आधी मेन स्विच बंद करावा, ते न जमल्यास कोरड्या लाकडाने त्याला दूर सारावे.

पाणी: पहिल्या पुराबरोबर विहिरीत घाण उतरते. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकण्याविषयी ग्रामपंचायत आणि आरोग्यसेवकाकडे जूनआधीच आग्रह धरावा. पिण्याचे पाणी उकळावे. जुलाब सुरू झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे व दवाखाना गाठावा.

साप: बिळात पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधीत घरात येतात. सरपण आणि गोवऱ्या घराबाहेर, जमिनीपासून उंच रचाव्यात. जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री चावते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि सकाळपर्यंत माणूस हातचा जातो. खाट नसेल तर निदान मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचावी. दंश झाल्यास चिरू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. हातपाय हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पविषावर औषध एकच, ते रुग्णालयात मिळते. भगताकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. बुद्धिवाद हा व्याख्यानाचा विषय आहेच, पण त्याची खरी परीक्षा अशा रात्री होते.

घर सोडण्याची वेळ

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले, दीडशेवर माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचे तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी अशीच गेली. ही गावे आपल्यासारखीच सह्याद्रीच्या कुशीतली होती. ब्रह्मगिरीच्या आसपास राहणाऱ्यांनी काही खुणा ओळखून ठेवाव्यात. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, नवे झरे फुटणे किंवा जुना झरा भर पावसात आटणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे. यातील एकही खूण दिसली तर रात्र होण्याची वाट पाहू नये. मातीच्या भिंतीला फुगवटा आला, आडवी भेग पडली किंवा तिच्यातून माती झरू लागली तरी तेच करावे. तहसील कार्यालयाला आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे, तातडीच्या मदतीसाठी ११२ लावावा.

घर सोडायला माणूस कचरतो. गुरे, धान्य, चार भांडी यांत जीव अडकतो आणि लोक घाबरट म्हणतील असेही वाटते. याही बाबतीत विनयाचा दाखला डोळे उघडणारा आहे. वर्षावासाचे ठिकाण सोडू नये असा नियम असला तरी पूर आला, आग लागली, सापांचा किंवा श्वापदांचा उपद्रव झाला तर भिक्खूने ते सोडावे, त्यात वर्षावास मोडल्याचा दोष नाही, अशी मुभा भगवंतांनी दिली. संकल्पापेक्षा जीव मोठा, हा त्याचा अर्थ. मग घरापेक्षा तो मोठा नाही काय?

कोण कोणाला उठवणार?

आता आम्ही या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेले सारे केले तरी एक गोष्ट राहते. काही वर्षांपूर्वी एका वस्तीत एक आजी एकट्या राहत होत्या. मुलगा मुंबईला कामाला. आजींना ऐकू कमी येई. सलग पावसाच्या सहाव्या रात्री शेजारच्या सुनेला त्यांच्या भिंतीतून माती झरल्याचा आवाज आला. तिने नवऱ्याला उठवले, दोघांनी मिळून आजींना उचलून विहारात आणले. पहाटे ती भिंत आजींच्या अंथरुणावर पडली. त्या रात्री शेजारीण जागी होती हा योगायोग होता. आपली तयारी योगायोगावर सोडायची नाही.

म्हणून प्रत्येक वस्तीने जूनआधी एक कागद करावा. त्यावर एकटे राहणारे वृद्ध, दिव्यांग, गरोदर भगिनी, तान्ही मुले असलेली घरे आणि खालच्या अंगाची घरे यांची यादी असावी. प्रत्येक नावापुढे दुसरे नाव लिहावे, रात्री त्यांना कोण उठवणार त्याचे. त्याच्याही पुढे तिसरे नाव असावे, दुसरा गावी नसेल तर कोण, त्याचे. हा कागद विहाराच्या भिंतीवर लावावा. विहाराची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असावे. विहारात दोन मोठी मेणकापडे, दोर, कुदळ-फावडे, विजेऱ्या, प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याच्या पाण्याचा पिंप ठेवावा. मात्र विहारच खालच्या अंगाला असेल तर शाळेची किंवा दुसरी उंचावरची पक्की इमारत आधीच ठरवून घ्यावी.

ही यादी आपल्या वस्तीपुरतीच ठेवू नये. आपल्या तालुक्यात आपली घरे थोडी, आदिवासी बांधवांचे पाडे पुष्कळ, आणि त्यांची छपरे अनेकदा आपल्याहून कच्ची. शेजारचा पाडा त्या कागदावर नसेल तर आपली करुणा विहाराच्या दारात थांबली असे होईल.

निधी

या साऱ्याला पैसा लागतो, पण फार नाही. तीस घरांच्या वस्तीत दरमहा घरटी वीस रुपये जमले तरी वर्षाला सात हजार दोनशे रुपये होतात. त्यात मेणकापडे, हूक, तार येऊ शकते आणि एखाद्या निराधार घराची शाकारणीही होऊ शकते. मेहनत आपली, ती विकत आणायची नाही.

ही कल्पना नवी नाही. नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. त्याने लेणे खोदवले, पाण्याच्या पोढी करवल्या आणि गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, दरमहा शेकडा एक या दराने येणाऱ्या व्याजातून तेथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे, अशी ती योजना होती. हिशेब करून पाहावा, वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि बरोबर पुरते. पावसाळ्याची तरतूद पावसाळ्याआधी आणि कायमची करावी, हे आपल्याच परिसरातील दगडावर लिहून ठेवलेले आहे.

त्याबरोबरच जे आपल्या हक्काचे आहे तेही मागितले पाहिजे. कच्च्या घरांसाठी अनुसूचित जाती व नवबौद्धांकरिता रमाई आवास योजना आहे. वस्तीतील गटारे आणि रस्ते यांसाठी समाजकल्याण विभागाची वस्ती विकासाची योजना आहे. मोरी तुंबल्यावर तक्रार करण्यापेक्षा ग्रामसभेत आधीच लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी.

उपासक-उपासिकांनो, यंदा आषाढ पौर्णिमेला ग्रंथवाचन सुरू होईल तेव्हा ग्रंथाशेजारी तो यादीचा कागदही लावलेला असावा, आणि वाचन ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला, रात्री आपण कोणाचे दार ठोठावायचे आहे, हे ठाऊक असावे, एवढीच आमची विनंती आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!